हिरडाटोल्याचा य-अक्ष

सासऱ्यांनी मला कधी वाईट म्हटले नाही. ते मला फक्त ‘टेंपररी’ म्हणत. भंडाऱ्याला त्यांच्या ओसरीवर पाहुणा आला की ते ओळख करून देत, "हे आमचे जावई. मास्तर आहेत. टेंपररी." शेवटचा शब्द ते अशा सुरात म्हणत की पाहुण्याला वाटावे, जावईपणच टेंपररी आहे. एका गृहस्थांनी तर माझ्या पत्नीकडे, प्रेमिलेकडे, फार कळवळून पाहिले होते.

तेव्हा मी दवनीवाड्याच्या पलीकडे हिरडाटोला नावाच्या गावी जनपद सभेच्या मिडल स्कुलात गणित शिकवत होतो. कायम होण्यासाठी एकच गोष्ट हवी होती. शाळा तपासणारे डिप्टी साहेब यावेत आणि त्यांनी चांगला शेरा लिहावा. शेरा मिळाला की मी कायम, नाही मिळाला की घरी. आणि घरी म्हणजे सासऱ्यांच्या ओसरीवर.

त्या वर्षी आठवीला नवीन धडा आला होता, आलेखाचा. एक आडवी रेघ, तिचे नाव क्ष-अक्ष. एक उभी रेघ, तिचे नाव य-अक्ष. जिथे दोघी भेटतात तो आरंभबिंदू. तिथून किती आडवे गेलात आणि किती उभे गेलात हे सांगितले की जगातला कुठलाही ठिपका सापडतो. मला हे सगळे इतके सुंदर वाटले की मी फळ्यावर दोन रेघा काढून क्षणभर मागे सरून उभा राहिलो. वर्गाला मात्र ती चुकीच्या गणितावर मारतात तशी फुली दिसली. मास्तरांचेच गणित चुकले म्हणून वर्ग मनापासून खूश झाला. पंधरवडाभर मी त्या फुलीशी झुंजलो. ‘तीन आडवे, दोन उभे’ म्हटले की अर्धा वर्ग दोन आडवे, तीन उभे जाई, आणि उरलेला अर्धा जागचा हलत नसे.

आमचे हेडमास्तर घनश्याम बिसेन हे उत्साही गृहस्थ. त्यांचा उत्साह नेहमी दुसऱ्याच्या कामात असे. ते म्हणाले, "मास्तर, फळा सोडा. मैदानावर काढा अक्ष. चुन्याने. पोरं त्याच्यावर चालू द्या. डिप्टी साहेब पाहतच राहतील." पुढे साहेब पाहत राहिले हे खरे आहे, पण हेडमास्तरांना अभिप्रेत होते तसे नाही.

चुना मागणारा अर्ज मी जनपद सभेकडे पाठवला. उत्तर आले की, शाळेस मंजूर असलेला चुना भिंतीस लावण्याचा आहे, जमिनीस लावण्याचा नाही. मैदान ही भिंत असल्यास तसा दाखला जोडावा. हा दाखला कोण देतो याची चौकशी करण्यात आठवडा गेला. शेवटी चुना मी पदरचा आणला. तेवढ्यात हेडमास्तरांना शंका आली की, मैदान तरी शाळेचे आहे का? मालगुजारी होती तेव्हा ते मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे होते. मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला गेले, आणि मैदान कुणाचे हे विचारायला कुणी उरले नाही. तसेच तलावाचे झाले होते. शाळेच्या उत्तरेला मोठा मालगुजारी तलाव होता, पाणी भरपूर, पण ते सोडायचे कुणी आणि कुणाच्या शेतातून न्यायचे, यावर गावात तीन पिढ्यांची भांडणे होती. आपल्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्याच्या पाण्याला वाट द्यायची म्हणजे नाक कापून द्यायचे, असा हिरडाटोल्याचा रिवाज. धान निसवायला आले, पाऊस दडला, की तलाव समोर डुलतो आहे आणि बांध्या भेगाळल्या आहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलेले होते. पण हे विषयांतर झाले. निदान तेव्हा मला ते विषयांतर वाटत होते.

मैदानाची हद्द ठरवायला हेडमास्तरांनी पटवारी खेमराज यांना बोलावले. पटवारी आला, साखळी आली, लाल झेंड्या आल्या. एवढ्या लांब आलोच आहोत तर नीट मोजू, म्हणून पटवाऱ्याने थेट तलावाच्या पाळीपासून साखळी धरली. झेंड्या रोवत तो मैदानापर्यंत आला. चहा घेऊन म्हणाला, "काढा रेघा. माझी हरकत नाही. पण माझी संमती आहे असंही समजू नका." आणि गेला.

मी खुंटी ठोकायला बसलो तर शेजारचे तुलसीराम पटले धावत आले. हे आमचे घरमालकही होते, त्यामुळे त्यांचा सल्ला टाळता येत नसे. "अजी मास्टरजी, ठहरो! अशी सुकी खुटी ठोकतेत का? नारियल फोडा, गुलाल टाका."

"तुलसीरामजी, हे शून्य आहे. शून्याला कसला नारळ?"

"शुरुवात इथूनच होते म्हनता ना? मंग शुरुवातीले नारियल नाई तं कई?"

या युक्तिवादाला गणितात उत्तर नाही. मी आरंभबिंदूवर नारळ फोडला, गुलाल उधळला, आणि उत्तर-दक्षिण य-अक्ष, पूर्व-पश्चिम क्ष-अक्ष असा चुन्याने आखला. टोकांना बाण काढले. प्रेमिला मैदानासमोरच्या आमच्या दारातून पाहत होती. ती म्हणाली, "पाटीवर नसतं का जमलं?" बायकांना शास्त्राचा आवाका कळत नाही, असे मी मनात म्हटले. मोठ्याने म्हणण्याइतका मी तेव्हा कायम नव्हतो.

आता पुढे जे मला फार उशिरा कळले, ते वाचकांना आधीच सांगून टाकतो, नाहीतर तेही माझ्यासारखे खुळे ठरतील. पंचवार्षिक योजनेचे दिवस होते. आज ना उद्या आपल्याकडे सरकारी नहर, म्हणजे कालवा येणार, ही बातमी बाजारात दर आठवड्याला ताजी होत असे. तलावापासून साखळी, लाल झेंड्या, पटवारी, नारळ, गुलाल आणि वर चुन्याची रेघ. एवढे पाहिल्यावर हे आठवीचे गणित आहे असे समजणारा माणूस गावात मी एकटाच होतो. बाकी सगळ्यांनी ओळखले की नहर आली. आणि सरकारी गोष्ट तोंडाने उघड विचारली की हातची जाते, हाही तिथला एक रिवाज. म्हणून कुणी ‘नहर’ हा शब्द माझ्यापुढे उच्चारला नाही. सगळे फक्त भूमिती विचारू लागले.

पहिले आले बकाराम ब्राह्मणकर. त्यांची शेती मैदानाच्या पश्चिमेला. रेघेच्या टोकाशी उकिडवे बसून त्यांनी विचारले, "मास्तर जी, हे रेघ कोटवरी जाते?"

इतक्या दिवसांत क्ष-अक्षाबद्दल कुणी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. माझे मन भरून आले. मी म्हणालो, "बकारामजी, आपण इथपर्यंतच काढली आहे, पण खरं तर ही थांबत नाही. दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत जाते."

"मंजे माह्या बांधीतून जाईल?"

"जाईल काय, जातेच! फक्त दिसत नाही."

बकारामांनी त्या न दिसणाऱ्या रेघेकडे पाहिले. मग डोक्यावरचे पागोटे सारखे करून म्हणाले, "दिसंल जी. दिसंल. आमी दिसाले लावतो." आणि माझ्या दाराशी शिंगाड्यांचे टोपले ठेवून गेले.

त्यानंतर रीघ लागली. अक्ष कुठून जातो, कुणाच्या बाजूला जास्त जातो, बाण का काढला, मागे हटतो का. मी ओट्यावर उभा राहून एकेकाला समजावत असे. प्रेमिलेला मी म्हणालो, "पाहिलंस? ज्ञानाची भूक खेड्यातच असते." ती म्हणाली, "असेल. पण ज्ञानाच्या भुकेला कुणी लोणी आणून देतं का?" तुलसीरामांनी तर कधीपासून गळणारी आमची छपरावरची कवेलू आपणहून फेरली. मी हे गणिताच्या खात्यावर जमा केले.

सगळ्यात शेवटी आली सुखवंता. विधवा बाई, एकटी, दक्षिणेला अगदी खालच्या अंगाला तिची एक बांधी. तलावापासून इतकी लांब की वरच्या सगळ्यांचे भागल्यावरही तिच्यापर्यंत ओल पोचत नसे. ती मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि य-अक्षाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे उभी रेघ, मास्तर. इचं खालतं टोक. माह्यापर्यंत येते का? खरं सांगजा. माहं कोनी नाई म्हनून लपवू नोका."

"येते बाई," मी म्हणालो. "तुमच्या बांधीच्याही पुढे जाते."

ती पदराने डोळे पुसून गेली. य-अक्षासाठी रडलेले माणूस मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. मी ते इंग्रजी शाळेतल्या मित्राला पत्राने कळवलेही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मैदानावर आलो आणि हातातला तांब्या पडला. अक्ष वाढले होते. क्ष-अक्ष पूर्वेला कुंपण ओलांडून तुलसीरामांच्या बांधीकडे निघाला होता, आणि ती जरा ईशान्येला असल्यामुळे मध्येच वळला होता. पश्चिमेला बकारामांनी तो आपल्याकडे ओढला होता, म्हणजे खाली. त्यामुळे माझा क्ष-अक्ष आता बैलगाडीच्या मोडक्या जुवासारखा दिसत होता. य-अक्षाला वाटेतल्या प्रत्येकाने आपापल्या चुन्याने पुढे नेले होते. शेवटी चुना संपला होता आणि तिथून पुढे रेघ करड्या रंगाची झाली होती. ती चुलीतली राख होती. सुखवंता वाकून, पाटीतून मूठ मूठ राख टाकत, मागे सरत आपल्या बांधीकडे चालली होती. सगळ्या अक्षात सरळ काय ते तिचेच टोक होते.

"बकारामजी!" मी ओरडलो. "अक्ष सरळ असतो हो!"

"सरळच तं हाये जी," बकाराम आपल्या बांधीवरून ओरडले. "तुमी तिथून काऊन पाहून रायले? इथून पाहा!"

मी हातात झाडू घेतला. पण एवढ्या लांबीचा अक्ष एका माणसाला एका दिवसात झाडता येत नाही. शिवाय मी पुसत पुढे गेलो की मागून कुणीतरी पुन्हा टाकत येई. संध्याकाळी मी पांढरा होऊन घरी आलो, तर प्रेमिला म्हणाली, "निदान भिंत तरी झालात. आता जनपद सभेकडून चुना मागायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी डिप्टी साहेब बैलगाडीतून उतरले तेव्हा वेशीवर डफ वाजत होते. तपासणीसाठी एवढे स्वागत त्यांना नवीन होते. गळ्यात झेंडूचा हार पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला चष्मा अडकला. साहेब प्रसन्न होऊन मैदानावर आले आणि थांबले.

"हे काय आहे?"

"अक्ष आहेत, साहेब," मी म्हणालो.

"हा वाकडा आहे."

"हो साहेब."

"अक्ष वाकडा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तुलसीराम हात जोडून पुढे झाले. "साहेब, वाकडा राहू द्या जी. थोडी जमीन गेली तं गेली. सब राजी हैं. बस, पानी कब छूटेगा, एवढंच बोला."

"कसलं पाणी?"

"नहरचं जी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला सगळे कळले. शिंगाडे कळले, लोणी कळले, कवेलू कळली. भूमितीसाठी या गावात कुणी एक शिंगाडाही सोलला नव्हता.

"मास्तर, तुम्ही या लोकांना नहर येणार म्हणून सांगितलंत?" साहेबांचा आवाज थंड होता.

सुटायला वाट होती. अडाणी माणसे आहेत साहेब, काहीच्या बाही समजतात, एवढे म्हटले असते तर साहेब हसले असते आणि शेरा कदाचित वाचला असता. वाक्य जिभेवर आले होते. पण समोर सुखवंता उभी होती. तिच्या हातांना अजून राख होती, आणि ती साहेबांकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती.

"साहेब, ते चुकले नाहीत," मी म्हणालो. "मीच सांगितलं की ही रेघ प्रत्येकाच्या बांधीतून जाते. मला गणित सांगायचं होतं. त्यांना पाणी ऐकू आलं." मग गावाकडे वळून म्हणालो, "नहर नाही. ही नुसती शिकवायची रेघ आहे. पाण्याचा हिच्याशी काही संबंध नाही."

डफ थांबले. बकारामांनी खाली वाकून चिमूटभर चुना उचलला, पाहिला, आणि परत टाकला. साहेबांनी गळ्यातले हार काढून हेडमास्तरांच्या हातात दिले आणि शेरा लिहिला: ‘गणित शिक्षकास अक्ष सरळ ठेवता येत नाही. कायम करण्याबाबतचा निर्णय पुढील तपासणीपर्यंत राखून ठेवावा.’

म्हणजे आणखी एक वर्ष टेंपररी. सासऱ्यांनी कळवले की, खोली झाडून ठेवली आहे.

गावाने माझ्याशी बोलणे सोडले. दूधवाला दूध घालायला विसरू लागला. तुलसीरामांनी फेरलेली कवेलू परत काढून नेली नाहीत, एवढाच काय तो त्यांचा चांगुलपणा. चावडीवर मात्र रोज गर्दी असे, आणि विषय एकच: कुणी कुणाच्या नादाने चुना वाया घालवला. तुलसीराम बकारामांना बोलत, बकाराम तुलसीरामांना, आणि दोघे मिळून मला. एका संध्याकाळी मीही गेलो होतो, माफी मागावी म्हणून. बोलायला तोंड उघडले नाही तोच मागून सुखवंता पुढे आली. चावडीवर बाई बोलायची नाही, पण तिला अडवायचे कुणाला सुचले नाही.

"नहर नाई तं नाई," ती म्हणाली. "पन पटलेजी, तुमी आपल्या बांधीतून जागा देल्ली होती ना? बकाराम भाऊ, तुमी तं सोता चुना टाकला. साऱ्याइनं टाकला. तलाव तिथंच हाये, पानी तिथंच हाये. सरकारले जागा देत होते, मंग आता आपल्याच गावाले द्याले काऊन हात मांगं घेता?"

तीन पिढ्या ज्यांनी वीतभर वाट दिली नव्हती त्यांनी यंदा आपल्या हाताने, चढाओढीने, चुन्याने आखून वाट दिली होती. आणि ती साऱ्या गावाने पाहिली होती. तुलसीरामांनी बकारामांकडे पाहिले. बकारामांनी आढ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "माह्याकडं वळन जरा जास्त देजा म्हनजे झालं."

होळीनंतर फावडी पडली. तलावापासून पाट निघाला, तो य-अक्षावरून थेट शाळेच्या मैदानात. तिथे, जिथे मी नारळ फोडला होता, दगडाचा मोखा, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, बांधून पाण्याला तीन वाटा केल्या. एक तुलसीरामांकडे, एक बकारामांकडे, एक खाली. आलेखाच्या धड्यात असतात तसे मैदानाचे चार चरण कायमचे वेगळे झाले. खो-खो पहिल्या चरणात आणि प्रार्थना तिसऱ्यात होऊ लागली. मीही खणायला जात असे. माझा उपयोग फारसा नव्हता, पण दूध परत सुरू झाले.

जनपद सभेकडून लगोलग विचारणा आली: शाळेचे मैदान परवानगीवाचून चौपट का केले, याचा संबंधित शिक्षकाने खुलासा करावा. मी खुलासा पाठवला. त्यावर खुलाशाचा खुलासा मागवला. हे प्रकरण इतके फुगले की, त्याला स्वतंत्र फाईल मिळाली. माझी नोकरी टेंपररी होती, पण फाईल कायम झाली होती.

भाद्रपदात पाऊस दडला. धान पोटरीवर होते. त्याच सुमारास डिप्टी साहेब पुन्हा आले. या वेळी डफ नव्हता, हार नव्हता. सगळे गाव बांध्यांवर होते. मोखा उघडला होता आणि मैदानातून पाणी तीन वाटांनी चालले होते. साहेबांनी पायजमा वर धरून आरंभबिंदू ओलांडला आणि वर्गात शिरून पहिल्याच पोराला विचारले, "अक्ष म्हणजे काय?"

"ज्याच्यावरून मोजतेत तो, साहेब. मोख्यापासून. तुलसीराम पटलेची बांधी मोख्यापासून आडवी चार साखळ्या, उभी दोन."

"आणि दोन आडवी, चार उभी कुणाची?"

"ते दुसऱ्याची, साहेब! तिथं पानी नेलं तं भांडन होईल." आणि सारा वर्ग अशा चुकीच्या नुसत्या कल्पनेनेच गांगरला. आडवे आधी आणि उभे नंतर, हे हिरडाटोल्यात आता कुणी विसरणे शक्य नव्हते.

साहेबांनी खिडकीतून पाण्याकडे पाहिले. त्यांनी शेरा लिहिला: ‘अक्ष अद्याप वाकडा आहे. विद्यार्थ्यांची समज उत्तम. शिक्षकास कायम करावे. मात्र मैदानाचा खुलासा प्रलंबित असल्याने त्यांची येथून बदली करू नये.’ अशा रीतीने मी कायम झालो, आणि हिरडाटोल्यात कायम झालो. सासऱ्यांनी ओसरीवरच्या ओळखीतून शेवटचा शब्द गाळला. त्या जागी ते आता नुसते खाकरतात.

दिवाळीनंतर सुखवंता नव्या तांदळाची पायली घेऊन आली. प्रेमिलेने तिला चहा दिला. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनलं होतं ते खरं निघालं. आली जी रेघ माह्यापर्यंत."

मला फार बरे वाटले. इतके बरे वाटले की माझ्यातला मास्तर जागा झाला. "मी सांगितलं होतं ना बाई," मी म्हणालो. "आणि ती तिथे थांबत नाही. तुमच्या बांधीच्या पुढे, अनंतापर्यंत जाते."

"आता नाई जात," सुखवंता म्हणाली. "माह्या बांधीच्या खालतून मीनं मातीची पार घालून टाकली. येवढ्या मुश्किलीनं आलेलं पानी पुढं कायले जाऊ देऊ?"

प्रेमिलेने तांदूळ आत नेले.